फोनमधल्या रंगपेटीची पन्नास वर्षं

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे फोनवर चित्रं काढतात आणि घरून रोज एकच वाक्य ऐकतात, "त्यात काय, सगळं तर कॉम्प्युटरच करतो!" खरंच करतो का? बघूया.

त्यासाठी एक फँटसी कॅरेक्टर डोळ्यांसमोर आणा. समजा, वेताळाच्या पालखीपुढे मशाल धरून चालणारी एक पोरगी. अनवाणी पाय, कपाळावर मळवट, मागे मिट्ट काळोख. तुम्ही फोनवर ड्रॉइंग ॲप उघडता, आधी कच्चं रेखाटन करता, मग स्वच्छ रेषा, मग रंग, शेवटी मशालीचा उजेड. तासा-दोन तासांचं काम. पण यातलं प्रत्येक बटण कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी बनवलंय. काहींनी त्यापायी नोकरीही गमावली.

"चालतंय, थोडंफार"

१० एप्रिल १९७३. कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो, झेरॉक्स कंपनीची संशोधन प्रयोगशाळा. रिचर्ड शूप नावाचा इंजिनिअर कॅमेऱ्यासमोर बसला, हातात एक पाटी. पाटीवर लिहिलेलं, 'चालतंय, थोडंफार'. त्याच्या 'सुपरपेंट' यंत्राने साठवलेलं हे पहिलं चित्र.

यात नवीन काय होतं? पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग यंत्राच्या मेमरीत राहत होता. आडवे ६४० ठिपके, उभे ४८०, आणि एका वेळी २५६ रंग. हिशेब केलात तर जेमतेम तीन लाख बाइट्स. तुमच्या फोनमधला एखादा साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. पण तेव्हा एवढी मेमरी म्हणजे चैनच होती.

पुढच्या वर्षी तिथे आल्व्ही रे स्मिथ आला. हा गणितात मुरलेला, पण चित्रकलेचं वेड असलेला माणूस. त्याला एक गोष्ट खटकली. यंत्राला रंग सांगायचा म्हणजे लाल किती, हिरवा किती, निळा किती, असे तीन आकडे द्यायचे. चित्रकार असा विचार करतो का? तो म्हणतो, "हाच तांबडा, पण जरा फिका कर. आता जरा काळोखात ने." म्हणून स्मिथने रंगाची मांडणीच बदलली: रंग कोणता, किती गडद, किती उजळ. १९७८ साली त्याने ती निबंधातून जगासमोर ठेवली. तुमच्या ॲपमधलं ते गोल रंगचक्र आणि त्यातला चौकोन किंवा त्रिकोण आठवा. ते याच विचारातून आलंय.

आणि झेरॉक्सने काय केलं? कंपनीचं म्हणणं, आम्हाला ऑफिससाठी यंत्रं बनवायचीत, ऑफिसात रंगाचं काय काम? स्मिथला नारळ मिळाला. काही वर्षांनी शूपनेही कंपनी सोडली. १९८३ साली सुपरपेंटला एमी पुरस्कार मिळाला, तोवर ही दोघंही तिथे नव्हती.

चौथा आकडा

स्मिथ न्यूयॉर्कजवळच्या एका संस्थेत गेला. तिथे १९७७ साली त्याने आणि एड कॅटमलने ठरवलं, की प्रत्येक ठिपक्याला लाल-हिरवा-निळा याशिवाय चौथा आकडा द्यायचा: हा ठिपका किती पारदर्शक? यालाच म्हणतात अल्फा. रेषेबाहेर रंग जाऊ नये म्हणून तुम्ही 'अल्फा लॉक' दाबता ना? तोच हा अल्फा. पुढे १९८६ साली याच दोघांनी पिक्सार कंपनी उभी केली.

मग लेयर आले. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, पण त्यात लेयर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. तोपर्यंत चित्रावर काही चिकटवून सोडलं, की ते खालच्या चित्रात कायमचं मिसळायचं. लेयर आल्यावर आपल्या मशालवालीचा हात वेगळा, मशाल वेगळी, उजेड वेगळा ठेवता येऊ लागला. उजेड नाही आवडला? तेवढाच लेयर उडवा, पोरगी जागेवरच.

पेनचं वजन आणि पैशाचं वजन

माउसने रेषा काढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखं. जपानमध्ये १९८३ साली वॅकॉम कंपनी सुरू झाली, आणि तिने वायर नसलेलं, बॅटरीही नसलेलं पेन आणलं. पाटीतून येणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवरच पेनमधली तारेची गुंडाळी चालते आणि उलट संदेश पाठवते. पुढे पेनवरचा दाबही कळू लागला: जोर दिला की रेषा जाड, सैल सोडला की बारीक. २०११ च्या गॅलेक्सी नोट फोनमधलं पेनही याच तंत्रावर चालायचं.

आता पैशाचं बघा. १९८१ साली इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीने 'पेंटबॉक्स' काढला. यंत्र जबरदस्त, पण किंमत अशी की टीव्ही वाहिन्या आणि मोठे स्टुडिओच घेणार. १९८७ साली बीबीसीच्या एका मालिकेसाठी डेव्हिड हॉकनी या नामवंत चित्रकाराला त्यावर चित्रं काढायला बोलावलं. त्याच हॉकनीने २००९ च्या सुमारास आयफोनवर बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली आणि मित्रांना पाठवू लागला. चित्रकार तोच, पण आधी त्याला यंत्रापाशी जावं लागत होतं. आता यंत्र खिशात होतं. २०११ साली जपानचं इबिसपेंट आलं, आणि फुकटात लेयर, अल्फा, रंगचक्र सगळं साध्या फोनवर मिळू लागलं.

मला वाटतं, खरा बदल इथे झाला. फँटसी कॅरेक्टर कुणी काढायचं, हे आता महागडं यंत्र कुणाकडे आहे यावर ठरत नाही. ज्याच्या डोक्यात ती पोरगी आहे, तो काढतो.

मग घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर? हा सगळा इतिहास कॉम्प्युटरने चित्र काढण्याचा नाहीये. हाताला जे करायचंय ते यंत्राने निमूटपणे करू द्यावं, म्हणून माणसांनी घेतलेल्या खटपटीचा आहे. मशाल उजव्या हातात असेल तर डावा गाल अंधारात जाणार, हे अल्फाला माहीत नसतं. ती पोरगी घाबरलीय की माजोरडी आहे, हे रंगचक्र सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

तर आज रात्री एवढंच करा. नवी फाइल उघडा, मागचा लेयर पूर्ण काळा करा, आणि वरच्या लेयरवर फक्त मशालीच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढंच रंगवा. बाकीचं काळोखाला राहू द्या. आणि रंगचक्रावर बोट ठेवाल तेव्हा, ऑफिसात रंगाचं काम नाही म्हणून घरी पाठवलेल्या त्या माणसाला एकदा मनात सलाम करा.

भेटूया पुढच्या भागात!