पुसू न देणारी फाइल : नावांच्या हट्टाचा इतिहास

१/
कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानाची मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. जुन्या दप्तरांत कागद कापडी रुमालांत बांधत. रुमाल कोणाच्या हाती उघडा असेल, तर तो त्याच वेळी रद्दीत काढता येत नाही. संगणकावरील फाइल ‘डिलीट’ होण्यास नकार देते, त्यामागेही बहुधा असेच जुने नियम असतात.

२/
बेल लॅब्जमधील युनिक्सची पहिली आवृत्ती १९७१ची. तिने नाव आणि मजकूर वेगळे ठेवले. फाइल पुसणे म्हणजे यादीतून नाव खोडणे. उघडलेला मजकूर शेवटचा वाचक मिटेपर्यंत शिल्लक राहतो. त्यामुळे तेथे उघडी फाइलही पुसता येते.

३/
विंडोजने निराळा मार्ग धरला. फाइल उघडणारा प्रोग्रॅमच इतरांना ती पुसू द्यावी की नाही, हे ठरवतो. परवानगी नसेल, तर नकार. अशा वेळी तो प्रोग्रॅम शोधून बंद करावा. सापडत नसेल, तर संगणक पुन्हा सुरू करावा.

४/
दुसरा नकार नावाचा. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली घडवलेल्या सीपी/एममध्ये उपकरणांना ‘कॉन’सारखी नावे होती. १९८१च्या एमएस-डॉसने ही रीत उचलली. त्यात तेव्हा फोल्डर नव्हते. ते १९८३मध्ये आले. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरात राखीव राहिली. म्हणून विंडोजवर फाइलला ‘कॉन’, ‘ऑक्स’ किंवा ‘पीआरएन’ ही इंग्रजी अक्षरांतील नावे सहसा देता येत नाहीत.

५/
तिसरा नकार लांबीचा. विंडोजमध्ये फोल्डरांसह संपूर्ण पत्त्याला २६० चिन्हांची जुनी मर्यादा आहे. २०१६ साली विंडोज १०मध्ये ती सैल करण्याची सोय झाली, तरी सर्व प्रोग्रॅम ती पाळत नाहीत. वरच्या फोल्डरांची नावे आखूड केली, की अडलेली फाइल बहुधा सुटते.

६/
मराठीला हा नियम आणखी जाचतो. १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ या शब्दात काना-मात्रांसह नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. लिनक्सवर नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा. म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर सहज चाललेले १०० चिन्हांचे मराठी नाव तेथे नाकारले जाते.

७/
चौथा नकार डोळ्यांना दिसतच नाही. पुणे-कोल्हापूर मार्गावरील ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता असा. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. टंकलेले नाव मग सापडत नाही. अशी फाइल यादीतून निवडावी आणि नव्याने नाव द्यावे.

८/
राजर्षी शाहूंचा निम्म्या जागा राखून ठेवणारा आदेश २६ जुलै १९०२चा. अशा कागदाच्या प्रतिमेला वाक्यभर नाव देण्यापेक्षा ‘१९०२-०७-२६ शाहू आदेश’ एवढे पुरे. हजारो प्रतिमांच्या गर्दीत कागदापर्यंत नेणारी वाट म्हणजे त्याचे नाव. फाइल अडली, तर ती बळाने उखडण्याआधी तिला कोणी धरले आहे, हे पाहावे.