भारतीय वैद्यकीय पथक, चीन (१९३८–४३)

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक. अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल (प्रमुख), नागपूरचे मोरेश्वर रामचंद्र चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी हे त्याचे सदस्य होत. महाराष्ट्रात हे पथक मुख्यतः कोटणिसांच्या नावाने ओळखले जाते. मात्र त्यांच्या त्यागाची कथा जेवढी घरोघरी पोहोचली, तेवढे ज्या चिनी क्रांतीच्या राजकारणात ते जाऊन उभे राहिले ते राजकारण पोहोचले नाही आणि त्यामुळे त्यांच्या निर्णयांचे खरे मोल झाकलेलेच राहिले.

चीनवरील आक्रमणामागे जपानची लष्करशाही होती. लष्करशाही म्हणजे सैन्याने नागरी शासनाच्या आज्ञेत न राहता शासनच आपल्या धोरणामागे ओढून नेणे. जपानमध्ये तिचे मूळ १८८९ च्या संविधानात होते. सेनेचे आधिपत्य थेट सम्राटाकडे असल्याने सेनापती मंत्रिमंडळाला जबाबदार नव्हते. शिवाय, मधला काही काळ वगळता, लष्करमंत्री सेवेतील अधिकारीच असावा लागे, म्हणून सेनेने मंत्री देण्याचे नाकारले की मंत्रिमंडळ टिकणे अशक्य होई. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मांचुरियातील जपानच्या क्वांटुंग सेनेच्या अधिकाऱ्यांनी मुकडेनजवळ रेल्वेमार्गावर स्वतःच स्फोट घडवून त्याचा आळ चिन्यांवर घातला आणि तोक्योच्या अनुमतीची वाट न पाहता प्रदेश ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांची तरुण नौदल अधिकाऱ्यांनी हत्या केली आणि पक्षीय मंत्रिमंडळांचा काळ संपला. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीतून सर्वंकष युद्ध पेटले.

चीन तेव्हा आतून दुभंगलेला होता. १९११ च्या क्रांतीने राजसत्ता गेली, पण सत्ता प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांच्या हाती पडली. त्यांच्याविरुद्ध क्वोमिंतांग हा राष्ट्रवादी पक्ष आणि १९२१ मध्ये स्थापन झालेला कम्युनिस्ट पक्ष काही काळ एकत्र आले. १९२७ मध्ये क्वोमिंतांगचे नेते चँग कै-शेक यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांचे शिरकाण केले आणि ही युती रक्तात संपली. डिसेंबर १९३६ मध्ये शीआन येथे चँग यांच्याच सेनानींनी त्यांना अटकेत ठेवल्यानंतर गृहयुद्ध थांबवून जपानशी लढण्याची वाट मोकळी झाली. कम्युनिस्टांच्या लाल सेनेचा मोठा भाग ‘आठवी मार्ग सेना’ या नावाने राष्ट्रीय सैन्यात गणला जाऊ लागला, तरी दोन्ही पक्षांतला अविश्वास कायम होता. भारतीय पथक गेले ते या अर्ध्यामुर्ध्या एकोप्यात.

आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी १९३७ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून साहाय्य मागितले. १९०५ मध्ये रशियाला हरविणारा जपान आशियाचा अभिमान म्हणून भारतात गौरविला गेला होता. त्या जुन्या कौतुकाच्या विरोधात उभे राहून काँग्रेसने आक्रमणाचा निषेध केला, यातच या पथकाचे वैचारिक धैर्य आहे. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन करून निधी जमविला. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने ‘राजपुताना’ जहाजाने मुंबई सोडली. कँटन येथे त्याचे स्वागत क्वोमिंतांगचे संस्थापक सुन् यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी केले.

द्वारकानाथ कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर होते. चीनमध्ये असताना वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली, तरी ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान या कम्युनिस्ट केंद्रात पोहोचले. पुढे चोळकर, मुखर्जी व अटल मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू जपानी फळीच्या पिछाडीला असलेल्या शान्सी–चाहार–होपेई या सीमाप्रदेशात गेले.

येथील शस्त्रक्रियेची रीत पाहिली म्हणजे या युद्धाचे स्वरूप ध्यानात येते. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर दोन्ही अंगांनी लादता येईल असे लाकडी खोगीर बनविले होते. त्याच्या कप्प्यांत सुमारे १०० शस्त्रक्रियांचे साहित्य मावे आणि युद्धाची ठिणगी पडलेल्या त्याच पुलाचे नाव त्याला दिलेले होते. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हती. शेतकऱ्याच्या घरात ते मांडायचे आणि शत्रू जवळ आला की खेचरावर घालून डोंगरात हलवायचे. शेतकरी सोबत नसता तर हे चाललेच नसते, आणि क्रांतीचे बळही तेथेच होते. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी परिचारिका व शिक्षिका ग्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला, आणि १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. हा टप्पा भावनेच्या भरातला मानणे अन्यायाचे ठरेल; ज्या समाजात ते राबत होते त्याच्या राजकारणाला दिलेली ती जाणती संमती होती. अपस्माराच्या झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचा मुलगा यिनह्वा (यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन) जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता. बसू १९४३ मध्ये भारतात परतले.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा हिंदी चित्रपट काढला व कोटणिसांची भूमिकाही स्वतः केली. चित्रपटाच्या अखेरीस नायकाची पत्नी बाळाला घेऊन भारतात सासरी येते. प्रत्यक्षात ग्वो चिंगलान चीनमध्येच राहिल्या आणि २०१२ मध्ये दालियन येथे त्यांचे निधन झाले.