कॅप्टन रॉस्ट्रन यांचे ५८ मैल

१५ एप्रिल १९१२. मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. ‘कार्पेथिया’ जहाजाचा बिनतारी यंत्रचालक हॅरल्ड कॉटम आणि फर्स्ट ऑफिसर डीन दार न ठोठावताच कप्तानाच्या खोलीत शिरले. कॅप्टन आर्थर रॉस्ट्रन नुकतेच अंथरुणाला टेकले होते. हा कोण आगाऊ माणूस, असा पहिला विचार आपल्या मनात आल्याचे त्यांनी पुढे आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच क्षणी त्यांना कळले की ‘टायटॅनिक’ बुडत आहे.

मित्रहो, भर समुद्रात बुडत्यांना वाचवणाऱ्या कप्तानांच्या आठवणी जमवण्याचा नाद मला एम.ए.च्या पहिल्या वर्षी लागला. संग्रहात छापील पुस्तके थोडी, स्कॅन केलेल्या प्रतीच अधिक. आजचा धागा त्यांतील एकाच पुस्तकाविषयी आहे : रॉस्ट्रन यांचे ‘होम फ्रॉम द सी’. ते १९३१ साली, म्हणजे घटनेनंतर १९ वर्षांनी प्रसिद्ध झाले. तोवर रॉस्ट्रन ‘सर’ झाले होते आणि कुनार्ड कंपनीच्या सेवेतील सर्वोच्च पदावरून निवृत्त होत होते.

परंतु या घटनेविषयी त्यांचे सर्वांत मोलाचे शब्द या पुस्तकात नाहीत. ते १९ एप्रिल १९१२ च्या साक्षीत आहेत. वाचलेल्यांना घेऊन ‘कार्पेथिया’ आदल्या रात्री न्यूयॉर्कला पोहोचली होती. वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे रॉस्ट्रन यांनी आपण दिलेल्या आज्ञांची यादीच सादर केली. इंग्रज डॉक्टर पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात, इटालियन डॉक्टर दुसऱ्या आणि हंगेरियन डॉक्टर तिसऱ्या वर्गाच्या. सूप, कॉफी, ब्लँकेटे तयार. जहाजाच्या कुशीतील दारे उघडी. लहान मुलांना वर ओढून घेण्यासाठी कॅनव्हासच्या पिशव्या. समुद्र खवळलाच तर लाटा निवाव्यात म्हणून ओतायला तेल. झोपेतून उठलेल्या माणसाने हे सारे काही मिनिटांत योजले होते. मी ही यादी अनेकदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी त्या पिशव्यांपाशी थांबलो आहे.

आत्मचरित्रात हाच प्रसंग येतो, पण त्याला भक्तीची किनार लाभलेली असते. त्या रात्री सुकाणूवर आपल्याखेरीज आणखी कुणाचा तरी हात होता, असे रॉस्ट्रन यांना वाटू लागले होते. हेच गृहस्थ १९०७ साली आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आपण सागरसर्प पाहिल्याचे तितक्याच निःसंकोचपणे सांगत, हे जाता जाता नमूद करतो. त्यांचा सेकंड ऑफिसर जेम्स बिसेट यानेही आठवणी लिहिल्या, मात्र त्यांतील ‘टायटॅनिक’चा भाग असलेला ‘ट्रॅम्प्स अँड लेडीज’ हा खंड आला १९५९ मध्ये, ४७ वर्षांनी. इतक्या अंतरावरून लिहिताना माणूस स्वतःला आठवलेले लिहितो की दरम्यान वाचलेले, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येत नसावे.

संग्रहात एक जागा मात्र रिकामी आहे. त्याच रात्री बर्फामुळे जवळपास थांबलेल्या ‘कॅलिफोर्नियन’चे कप्तान स्टॅन्ली लॉर्ड. त्यांच्या अधिकाऱ्यांना आकाशात अग्निबाण दिसले होते, तरी जहाज हलले नाही. चौकशीत लॉर्ड यांच्यावर ठपका आला. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. १९५८ च्या चित्रपटाने ती जखम पुन्हा उघडी केली, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी एक प्रतिज्ञापत्र केले आणि १९६२ मध्ये ते वारले. सुटकेच्या आठवणी लिहितो तो पोहोचलेला कप्तान. न पोहोचलेल्याची बाजू मिळालीच, तर अशी वकिली भाषेत मिळते.

आता त्या आकड्याकडे वळू. संकटसंदेशातील स्थान आपल्यापासून ५८ सागरी मैलांवर असल्याचे रॉस्ट्रन यांनी काढले. पहाटे चारच्या सुमारास ते होड्यांपाशी होते. म्हणजे साडेतीन तासांत ५८ मैल! एरवी साधारण १४ नॉटने जाणाऱ्या जहाजाने त्या रात्री साडेसतरा नॉटचा वेग गाठला, ही आख्यायिका यातूनच रूढ झाली.

१९८५ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष सापडले, ते संदेशातील स्थानापासून सुमारे १३ सागरी मैलांवर, पूर्व-आग्नेयेला. ‘कार्पेथिया’ आग्नेयेकडूनच येत होती. रॉस्ट्रन यांनी साक्षीत सांगितलेल्या आरंभस्थानापासून अवशेषांपर्यंतचे अंतर मी मोजून पाहिले. ते साधारण ४७ ते ४८ सागरी मैल भरते. होड्या थोड्या वाहवल्या असतील हे धरूनही वेग येतो १४ नॉटच्या आसपास. तेव्हा आख्यायिकेतील वेग चुकीच्या स्थानातून जन्मला होता. रॉस्ट्रन खोटे बोलले नाहीत. त्यांनी दिलेल्या स्थानावर विश्वास ठेवला आणि वेळेत पोहोचल्यामुळे तो विश्वास दृढ झाला.

माझ्या मते यामुळे त्यांचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. ‘टायटॅनिक’ बर्फाला धडकली हे ठाऊक असताना, स्वतःच्या जहाजावरील शेकडो प्रवाशांची जबाबदारी घेऊन, अंधारात हिमनग चुकवत ते त्याच बर्फात शिरले आणि सातशेहून अधिक माणसे घेऊन बाहेर आले. अभियंत्यांची आणि भट्टीत कोळसा लोटणाऱ्यांची शर्थही खरीच होती.

ते चुकीचे स्थान काढले होते ‘टायटॅनिक’चा फोर्थ ऑफिसर जोसेफ बॉक्सहॉल याने. ‘कार्पेथिया’ला लागलेली पहिली होडी त्याचीच. तिच्यातून तो पेटवीत असलेल्या हिरव्या ज्योतीच रॉस्ट्रन यांना दुरून दिसल्या होत्या. पुढे लंडनच्या चौकशीत रॉस्ट्रन यांनी त्या स्थाननिश्चितीची वाखाणणी केली. बॉक्सहॉल १९६७ मध्ये वारला. त्याच्या अस्थी अटलांटिकमध्ये विसर्जित झाल्या त्या ४१ अंश ४६ मिनिटे उत्तर, ५० अंश १४ मिनिटे पश्चिम या बिंदूवर. त्या रात्री त्याने काढलेले स्थान हेच होते.