जावा मोटारसायकल, नव्वदाव्या वर्धापनाची

जावा ह्या मूळ चेक नाममुद्रेस ९० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने भारतात २०१९ मध्ये काढण्यात आलेली मोटारसायकलींची मर्यादित आवृत्ती. तिच्यातील वाहनांची संख्या केवळ ९० होती. बाह्य रूप जुने व यंत्ररचना नवी अशा वाहनांचे हे एक ठळक उदाहरण असून, निर्मात्याचा वारसा नेमका कशात असतो, हा प्रश्न त्याच्या इतिहासातून उपस्थित होतो.

प्राग येथील शस्त्रनिर्माते फ्रान्टिशेक यानेचेक (१८७८–१९४१) यांनी १९२९ मध्ये वाँडरर ह्या जर्मन कंपनीकडून ५०० घ. सेंमी. मोटारसायकलीचे निर्मितिहक्क घेतले. यानेचेक व वाँडरर ह्या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. पहिले वाहन महाग होते व त्यात दोषही होते. पुढे १७५ घ. सेंमी.चे स्वस्त वाहन निघाल्यावर जागतिक मंदीच्या काळातही कंपनीचा जम बसला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली गुप्तपणे आखलेले ‘पेराक’ हे २५० घ. सेंमी.चे वाहन १९४६ मध्ये प्रकाशात आले. पुढील जावा वाहनांची घडण त्याच्याच धर्तीवर झाली.

भारतात ह्या मोटारसायकली प्रथम मुंबईच्या इराणी कुटुंबाने आयात केल्या. आयातीवर निर्बंध आल्यानंतर रुस्तम व फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनी काढली व १९६१ पासून तेथे उत्पादन होऊ लागले. चेक कंपनीशी असलेला करार संपल्यावर तीच वाहने १९७० नंतरच्या दशकात ‘येझ्दी’ ह्या नावाने विकली जाऊ लागली. त्यांचे एंजिन दोन धावांचे, २४९ घ. सेंमी. आकारमानाचे व एकाच सिलिंडराचे असे, पण धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन असत. गिअर बदलण्याचा दांडा वर फिरवून त्याच दांड्याने एंजिन चालू करता येई. एंजिनात झडपा नसल्याने सुटे भाग थोडे असत. त्यामुळे मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांतही गावच्या मिस्त्रीला त्याची दुरुस्ती करता येण्याजोगी होती.

१९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने कमी इंधनात चालणारी १०० घ. सेंमी.ची वाहने भारतात आली. मराठवाड्यातच १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे जड वाहन ह्या स्पर्धेत मागे पडले. त्यातच धुराविषयीचे नियम कडक होत गेले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तथापि वाहनांचे चाहते उरले. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दी दिन पाळण्याची प्रथा त्यांनीच रूढ केली.

महिंद्र उद्योगसमूहाच्या क्लासिक लेजंड्स ह्या कंपनीने जावा नावाचा परवाना मिळवून १५ नोव्हेंबर २०१८ रोजी मुंबईत नवी वाहने सादर केली. रुस्तम इराणी यांचे पुत्र बोमन इराणी हे ह्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होत. वाहनांचे उत्पादन मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होऊ लागले. वर्धापनाच्या आवृत्तीस १९२९ च्या वाहनाप्रमाणे गडद लाल व हस्तिदंती रंग देऊन त्यावर बारीक रेघा ओढल्या होत्या. प्रत्येक वाहनावर स्वतंत्र क्रमांक होता. ग्राहकांची निवड सोडतीने करण्यात आली. दिल्लीतील विक्रीकिंमत सु. १·७३ लाख रुपये होती.

ह्या आवृत्तीचे यंत्र मात्र त्याच कंपनीच्या नेहमीच्या वाहनातले होते : २९३ घ. सेंमी., चार धावांचे, द्रवाने थंड होणारे व सु. २७ अश्वशक्तीचे. टाकीचा घाट व दोन धूरनळ्या जुन्या वाहनाची आठवण देतात. पण पायाने चालू करण्याचा दांडा, तेलमिश्रित इंधन व दोन धावांच्या एंजिनाचा विशिष्ट आवाज ही लक्षणे नव्या वाहनात नाहीत. आजच्या प्रदूषणविषयक नियमांत ती टिकवणेही कठीण होते.

जुन्या नावांची मालकीही निर्विवाद राहिली नाही. ‘येझ्दी’ नावावरील हक्काचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये एका न्यायमूर्तींनी बंद कंपनीच्या शासकीय अवसायकाच्या बाजूने निर्णय दिला व त्याविरुद्ध अपील दाखल झाले. कारखाना बुडाल्यावरही त्याच्या नावाला बाजारात मोल असते, हे ह्या वादावरून दिसते. ते मोल प्राग येथील संस्थापकांइतकेच म्हैसूरच्या कामगारांनी, गावोगावच्या मिस्त्रींनी व जुनी वाहने चालती ठेवणाऱ्या मालकांनी निर्माण केले. नव्वद वाहनांच्या आवृत्तीने १९२९ च्या रंगांचे स्मरण केले. भारतातील ह्या वारशाचा मोठा भाग मात्र १९६१ ते १९९६ ह्या काळातील आहे.