लोकरी कानटोपी घरी धुताना

खानदेशची ओळख उन्हाळ्याची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, ही बातमी दरवर्षीची. मात्र याच पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि धुळ्याचे नाव निफाडच्या जोडीने थंडीच्या बातम्यांत येऊ लागते. पहाटे फिरायला निघणारे ज्येष्ठ, सकाळच्या शाळेची मुले आणि रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरणारा शेतकरी अशा सर्वांच्या डोक्यावर मग कानटोपी चढते. दोन महिन्यांत ती डोक्याचे तेल, घाम आणि धूळ पिते. त्यात भरिताची पार्टी झालेली असेल, तर कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूरही तिच्यात मुरतो. वांग्याला तो हवासा, टोपीला नव्हे.

अशी टोपी इतर कपड्यांबरोबर गरम पाण्यात भिजवली आणि ब्रशने घासली, की आजोबांची टोपी नातवालाही होईनाशी होते. याचे कारण लोकरीच्या घडणीत आहे. लोकर म्हणजे मेंढीचे केस. केसांप्रमाणेच तीही केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असावेत तसे सूक्ष्म खवले असतात. पाण्याने ते फुलतात आणि उष्णता व घर्षण मिळाले की एकमेकांत अडकतात. विणीतील मोकळी जागा नाहीशी होते, टोपी आकसते, जाड आणि टणक होते. घोंगडी घट्ट करताना आणि नमदा बनवताना हाच गुण मुद्दाम कामी आणला जातो. टोपीच्या बाबतीत मात्र तो घात करतो, आणि एकदा झालेला हा बदल पूर्णपणे परत फिरवता येत नाही.

म्हणून प्रथम टोपी खरोखर लोकरीची आहे का, ते पाहावे. हंगामी दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या अनेक टोप्या अॅक्रिलिकच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘कॅशमिलॉन’च्या असतात. आतल्या बाजूने निघालेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळावा. केस जळाल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख उरली, तर लोकर. धागा वितळून कडक काळा मणी झाला, तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिक आटण्याची भीती कमी, पण गरम पाण्याने आणि इस्त्रीने तेही सैल पडते. १९६४ पासून वापरात असलेले ‘वूलमार्क’ चिन्ह पट्टीवर असेल, तर ही परीक्षा करण्याची गरज नाही.

धुण्याच्या आधी टोपी कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची कड आखून घ्यावी. पुढे ती उपयोगी पडते. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर भुरभुरून काही तास ठेवावी, नंतर झटकावी. ओला पांढरा रुमाल आतून दाबून रंग जातो का, हेही तपासावे.

अर्धी बादली पाणी पुरते. ते हाताला जेमतेम कोमट लागावे, सुमारे ३० अंश. बंबातले किंवा गीझरचे पाणी तसेच ओतू नये. नेहमीची धुण्याची पावडर, साबणाची वडी आणि सोडा क्षारधर्मी असल्याने लोकरीला मारक. अनेक पावडरींतील प्रथिने विरघळवणारी विकरे तर लोकरीवरच काम करतात. क्लोरीनयुक्त ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते. लोकरीसाठीचा द्रव साबण चमचाभर पुरेसा आहे. रिठ्याचे गाळलेले पाणी हा आपल्याकडील जुना आणि आजही उत्तम पर्याय.

टोपी पाच-दहा मिनिटे बुडवून हलक्या हाताने दाबावी. चोळू नये, आपटू नये. नंतर तितक्याच कोमट पाण्यातून दोन-तीनदा काढावी. एकदम थंडगार नळाखाली धरू नये. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालावा. साबणाचा उरलेला अंश निघून लोकर मऊ राहते. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत हे खळबळलेले पाणी कुंडीत न टाकता फरशी पुसायला वापरावे.

पिळणे हे सर्वांत मोठे पाप! ओली लोकर कमकुवत असते आणि ताणली की तशीच राहते. कोरड्या टॉवेलमध्ये टोपी गुंडाळून वरून दाबावे, म्हणजे टॉवेल पाणी शोषून घेतो. मग कागदावरील आखणीवर ठेवून आकार सारखा करावा. गोल टोपीसाठी डोक्याच्या मापाचे पातेले उपडे घालून त्यावर कापड पसरावे आणि टोपी चढवावी. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या भाराने ती लांबते. पंख्याखाली किंवा वारा खेळत असलेल्या सावलीत ठेवावी. खानदेशातील हिवाळ्याची हवा कोरडी असल्याने सावलीतही काम होते. कडक उन्हात रंग उडतो आणि तंतू ठिसूळ होतो. मध्ये एकदा उलटवायला मात्र विसरू नये.

हंगामात एक-दोनदा धुणे पुरेसे आहे. एरवी रात्रभर हवेशीर ठेवली तरी बराचसा वास जातो. होळीच्या सुमारास टोपी कपाटात जाते, तेव्हा मात्र ती धुतलेली आणि पूर्ण कोरडी हवी. कसर लावणाऱ्या पतंगाच्या अळ्यांना केराटिन पचते, आणि तेल-घामाने माखलेली लोकर त्यांना अधिक प्रिय असते. सुती पिशवीत बांधून सोबत डांबराची गोळी कागदात गुंडाळून टाकावी. तान्ह्या बाळाची टोपी असेल, तर गोळीऐवजी कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत.