आप्पेपात्रातलं औषध आणि माझी एक हेडलाईन

मार्च २०२०. लॉकडाऊन नुकताच लागला होता. क्लोरोक्वीन हे मलेरियाचं जुनं औषध प्रयोगशाळेत कोरोनाच्या विषाणूला रोखतं, अशी एक कॉपी हातात आली. मी मथळा दिला : 'कोरोनावर औषध सापडले!'

चार-पाच दिवसांनी गल्लीतल्या एक मावशी दारात आल्या. त्यांना संधिवात आहे. क्लोरोक्वीनचीच सख्खी बहीण असलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गोळी त्या कित्येक वर्षं घेतात. "तुझ्या बातमीने माझ्या गोळ्या गेल्या बघ. मेडिकलवाला म्हणतो, लोकांनी स्ट्रिपच्या स्ट्रिप उचलल्या," म्हणाल्या आणि सुजलेली बोटं पुढे केली.

बातमीतला प्रयोग खरा होता, मथळा खोटा होता. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे समजायला मला औषधं शोधायच्या पद्धतीचा इतिहास वाचावा लागला. तो थोडक्यात सांगतो.

१९५१ साली हंगेरीत डॉ. ग्युला टाकाची फ्लूच्या विषाणूवर काम करत होते. चाचण्या ढीगभर आणि लॅबमधल्या साहित्याची मारामार. त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या जाड तुकड्यात खळगे कोरून घेतले. प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटी परीक्षानळी. त्यातूनच पुढे ८ गुणिले १२, म्हणजे ९६ खळग्यांची प्लेट रूढ झाली. दिसायला थेट आपलं आप्पेपात्र. आज एलायझा पद्धतीने डेंग्यूची तपासणी होते ती याच प्लेटमध्ये. टंचाईतून निघालेली ही युक्ती पुढे औषध कंपन्यांनी उचलली.

त्याआधी काम कसं चालायचं? जपानच्या सांक्यो कंपनीतल्या अकिरा एन्डो यांचं उदाहरण घ्या. शरीरात कोलेस्टेरॉल तयार करणारं यंत्र अडवणारा पदार्थ एखाद्या बुरशीत असेल, असा त्यांचा कयास. १९७१ पासून दोन वर्षांत त्यांच्या छोट्या टीमने सहा हजारांवर बुरशी आणि तत्सम जीव तपासले. अखेर क्योटोच्या एका धान्यदुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत हवा तो पदार्थ मिळाला. नाव कॉम्पॅक्टिन.

आणि उंदरांवर तो नापास झाला! कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. प्रकरण तिथेच संपायचं. पण एन्डोंनी चिकाटी सोडली नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असतं, म्हणून सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी तो कोंबड्यांना दिला. कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. उंदराच्या रक्तात 'वाईट' कोलेस्टेरॉल मुळातच कमी, तिथे उतरणार काय? कॉम्पॅक्टिन स्वतः कधी बाजारात आलं नाही, पण त्याच घराण्यातलं लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं. आज हृदयविकाराचे असंख्य रुग्ण रात्री जी स्टॅटिनची गोळी घेतात, तिचं मूळ हे.

हाताने दोन वर्षं लागलेलं हे चाळण्याचं काम १९८०-९० च्या दशकात रोबोटकडे गेलं. प्लेटमधले खळगे ९६ चे ३८४ झाले, मग १५३६. प्रत्येक खळग्यात जिवंत पेशी, वर थेंबभर रसायन, प्रत्येक खळग्यात वेगळं. मग यंत्र प्रकाश मोजून सांगतं कुठे परिणाम दिसला. मोठ्या यंत्रणेत दिवसाला लाखभर चाचण्या होऊ शकतात. शिवाय काही खळग्यांत औषध घालतच नाहीत, ते तुलनेसाठी राखलेले. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठलाही निकाल धरत नाहीत.

या चाळणीतून जे वर राहतं त्याला म्हणतात 'हिट'. औषध नव्हे. नोकरीच्या हजारो अर्जांतून मुलाखतीला बोलावलेल्यांची पहिली यादी, एवढाच त्याचा अर्थ.

आता माझ्या बातमीकडे येऊ. क्लोरोक्वीनचा तो प्रयोग व्हेरो नावाच्या पेशींवर झाला होता. या पेशी १९६२ साली जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या. विषाणू चांगले वाढतात म्हणून जगभर वापरतात. या पेशीत कोरोना मागच्या दाराने शिरतो आणि क्लोरोक्वीन नेमकं तेच दार अडवतं. पण माणसाच्या फुप्फुसाच्या पेशीवर एक वेगळं एन्झाइम असतं, ते विषाणूला पुढचं दार उघडून देतं. २०२० च्या जुलैमध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या पेशींवर तपासलं, तर क्लोरोक्वीनने विषाणू अडलाच नाही.

माणसांवरचा निकाल त्याआधीच, जूनमध्ये आला होता. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत १५६१ रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिलं, ३१५५ जणांना नेहमीचेच उपचार. अंतिम आकडेवारीत २८ दिवसांतले मृत्यू अनुक्रमे २७ आणि २५ टक्के. फायदा शून्य. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड मात्र ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव वाचवतं हे सिद्ध झालं.

म्हणजे बघा, उंदराने चांगलं औषध नापास केलं होतं आणि माकडाच्या पेशीने निकामी औषध पास केलं. चाळणी दोन्हीकडे चुकते. शास्त्रज्ञांना हे माहीत असतं, म्हणून ते पुढची पायरी चढतात. आम्ही पत्रकार पहिल्याच पायरीवर फटाके लावतो.

त्यामुळे 'अमुक रोगावर औषध सापडले' असं व्हॉट्सअॅपवर आलं किंवा आमच्याच पेपरात दिसलं, तर तीन गोष्टी विचारा. तपासलं कशावर : पेशी, प्राणी की माणूस? माणूस असेल तर किती जण? आणि औषध न दिलेल्यांचं काय झालं? उत्तर बातमीत नसेल तर मेडिकलकडे धावू नका. त्या गोळीवर खरोखर कुणाचे हातपाय चालत असतील.

मावशींना पुढे जिल्ह्याच्या गावाहून गोळ्या मिळाल्या, तीन आठवड्यांनी. माझ्या मथळ्याची दुरुस्ती मात्र मी तेव्हा छापली नाही. राहून गेली, असं म्हणायचो. खरं तर लाज वाटत होती.

ती दुरुस्ती आज इथे देतोय.