वळिवड्याच्या बराकी

वरणगावात युद्ध म्हटलं की आधी आयुध निर्माणी आठवते. चीन युद्धानंतर दोनच वर्षांनी, 1964 मध्ये, ती सुरू झाली आणि बंदुकीच्या गोळ्या बनवता बनवता गावातल्या कितीतरी घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. लढणाऱ्याच्या पाठीशी गाव कसं उभं राहतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण लढाईत ज्या मुलाचं घरच गेलं, ते पुढे कशाच्या आधारावर जगतं? त्याचं उत्तर आपल्याच राज्यात, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सापडतं. 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती.

हा इतिहास आपल्याकडे बहुधा राजाच्या औदार्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. नवानगर संस्थानच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीच्या छावणीत पोलिश मुलांना आसरा दिला, हे खरंच मोठं काम होतं. तरीही मला वाटतं, आसऱ्याने दार उघडलं. मुलं तगली ती आयांमुळे आणि शिक्षिकांमुळे. फेब्रुवारी 1940 पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली. 1941 मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि रशिया पोलंडच्या बाजूला आला, तेव्हा त्यांची सुटका झाली, पण भूक आणि टायफस सुटले नाहीत. त्या दिवसांत कित्येक आयांनी पोटची मुलं पोलिश अनाथालयांच्या स्वाधीन केली, कारण तिथे निदान घास मिळत होता आणि देशाबाहेर पडण्याची आशा होती. मूल वाचावं म्हणून त्याला स्वतःपासून तोडणं, हेही कुटुंबाचंच काम होतं. 1942 मध्ये इराणमार्गे जे बाहेर पडले, त्यांतले काही पुढे वळिवड्याला पोचले. वडील आणि थोरले भाऊ सैन्यात गेलेले. मागे उरलेल्या बायकांनी बराकींत शाळा चालवल्या, अगदी हायस्कूलपर्यंत, आणि त्याही पोलिश भाषेत. स्काउटची पथकं, चर्च, नाटकं, सगळं उभं केलं. 1946 मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही इथे आली. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांच्या नावाने हे लोक जगत होते ते सरकारच कागदावरून गेलं. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. ही माणसं गोरी होती, मित्रराष्ट्राची होती, त्यांच्यामागे पैसा आणि यंत्रणा होती. त्याच 1942 मध्ये ब्रह्मदेशातून लाखो भारतीय डोंगरजंगल तुडवत आसाम-मणिपूरकडे निघाले, हजारो वाटेतच मेले, आणि गोऱ्यांसाठी सोयीची वाट राखून ठेवल्याची तक्रार तेव्हाच झाली होती. मदत सारखी वाटली गेली नाही, हे कबूल केलंच पाहिजे. नुसत्या चिकाटीने कुणी टायफसमधून उठत नाही. औषध लागतं, भाकरी लागते. पण त्यावरून मदत हेच सर्वस्व होतं असं ठरत नाही. त्याची पारख वळिवड्याच्याच जमिनीवर झाली. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली. त्यांच्यामागे परदेशी सरकार नव्हतं, होती ती नातीगोती आणि व्यापाराची सवय. जळगावच्या सिंधी कॉलनीकडे पाहिलेल्या खानदेशी माणसाला ही ओळ समजावून सांगायला नको. छावणीचं गांधीनगर झालं, आणि आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे.

पोलिश मुलांपैकी बरीच मायदेशी परतलीच नाहीत. त्यांची गावं युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला. 2019 मध्ये त्यांच्यातले हयात असलेले काही जण पुन्हा कोल्हापुरात आले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. ज्यांना इथून जाताच आलं नाही, त्यांच्यातल्या काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत.